थर तीन-चार म्हणजे तीन एप्रिल नव्हे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली, उत्खननात मिळालेल्या प्राण्यांच्या हाडांची स्प्रेडशीट काल रात्री जेवणं आटोपल्यावर उघडली. ‘थर’ या रकान्यात ओळीमागून ओळ ‘०३-एप्रिल’ दिसत होतं. आधी वाटलं, ही मोजणीची तारीख असेल. मग पिशव्यांच्या लेबलांचे तू पाठवलेले फोटो शेजारी लावले आणि उलगडा झाला. लेबलावर ‘३-४’ आहे. तिसरा आणि चौथा थर जिथे एकमेकांना भिडतात, तिथून आलेली ती हाडं. तू ‘३-४’ टाइप केलंस आणि संगणकानं परस्पर त्याची तारीख करून टाकली.

वाईट वाटून घेऊ नकोस, हे आमच्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत झालेलं आहे. मी अस्वस्थ झाले ते वेगळ्या कारणानं. माझ्यापुढे लेबलांचे फोटो होते म्हणून मला कळलं. आणखी वीस वर्षांनी ही फाइल कुणाच्या हाती पडेल तेव्हा त्याच्यापाशी फोटो नसतील, तू नसशील, मी तर नसेनच. तो ‘०३-एप्रिल’च्या सगळ्या ओळी बिनकामाच्या म्हणून गाळून टाकेल. आणि तुझ्या साइटवर दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचा सुरुवातीचा काळ संपून उत्तर, म्हणजे नंतरचा, जोर्वे काळ सुरू होतो तो नेमका याच ओळींत. तुझा प्रबंधच त्या बदलावर आहे.

तेव्हा टाइप करायला बसण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेव, किंवा सरळ ‘थ३/थ४’ असं लिही. बिघडलेल्या ओळी अंदाजानं दुरुस्त करू नकोस. पिशवी काढ, लेबल वाच, मग लिही. चार दिवस जातील, जाऊ देत.

तुझा प्रश्न खरं तर वेगळाच होता. ‘मॅडम, सगळा डेटा खुला केला आणि माझ्या आधी दुसऱ्याच कुणी पेपर लिहिला तर?’ त्याच्याकडे येते. पण त्याआधी तुला इनामगावला नेऊन आणते, कारण डेटा खुला असणं म्हणजे काय हे मला तिथे कळलं, आणि तेही संगणक हाती येण्याआधी.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या उत्खनकांची नावं तुला पाठ आहेतच. माळवा संस्कृती, सुरुवातीचं जोर्वे, उत्तर जोर्वे असा साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतचा सलग पट तिथे मिळाला. शंभराहून अधिक घरं, दोनशेहून अधिक दफनं. दफनांत लहान मुलंच जास्त. दोन राखाडी कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ, आणि तेही घराच्या जमिनीखालीच. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मानवी सांगाड्यांवरचा ल्युकाक्स आणि वाळिंबे यांचा खंड १९८६ मध्ये आला, मुख्य अहवाल दोन भागांत १९८८ मध्ये.

ढवळीकरांची मांडणी अशी की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक हळूहळू भटक्या पशुपालनाकडे वळले. आम्ही विद्यार्थी असताना हे आम्हाला अगदी पटलेलं होतं. महाराष्ट्राचा दुष्काळ आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे ते चित्र आपलं वाटायचं.

मग पुरातत्त्वज्ञ शीना पांजा यांनी २००३ मध्ये त्याच उत्खननाच्या नोंदींना दुसरा प्रश्न विचारला. हे गाव खरंच बारमाही वसलेलं होतं का? घरांची रचना आणि वस्तीतल्या वस्तूंची मांडणी यांवरून लोक किती स्थिर आणि किती फिरते होते हे त्यांनी नव्यानं तपासलं. त्यानंतर प्राचीन मानवी हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासा आणि दायमाबाद इथल्या लहान मुलांचे सांगाडे पुन्हा अभ्यासाला घेतले. हाडांवरून मुलांची वाढ आणि वजन यांचा अंदाज बांधून हवामान आणि समाज यांचं नातं त्यांनी पुन्हा पारखलं. ते पुस्तक २०११ चं. उत्खनन थांबून तोवर जवळजवळ तीन दशकं झाली होती.

यात कोण बरोबर, यावर आपण मंगळवारी वाद घालू. मला तुला दाखवायचंय ते हे की या दोघींना कुदळ हाती घ्यावी लागली नाही. अहवाल बनवणाऱ्यांनी ‘अमुक काळात घरं लहान झाली’ एवढंच लिहून सोडलं असतं तर त्या काय तपासणार होत्या? घराघराचं वर्णन छापलं, दफनादफनाला क्रमांक दिला, सांगाडे क्रमांकासकट जपून ठेवले. ढवळीकरांशी असहमत व्हायला लागणारा दारूगोळा ढवळीकरांच्याच अहवालात होता. मी त्यांचं मोठेपण यात बघते.

तू तुझी फाइल अशा माणसासाठी लिही. तुझं चुकलंय असं ज्याला उद्या दाखवायचं असेल, त्याला तुझ्याकडे एक फोनही न करता ते दाखवता आलं पाहिजे.

माझ्याकडून हे झालं नाही, ते सांगते. पीएच.डी.च्या वेळी मी चार हजारांवर हाडं हाताखालून घातली. प्रत्येक हाडाची स्थिती ‘क’ या रकान्यात १ ते ५ अशा आकड्यांत लिहायची. आकड्यांचे अर्थ एका खिशातल्या डायरीत होते. प्रबंध झाला, पदवी मिळाली, घरं बदलली, डायरी गेली. पुष्कळ वर्षांनी एका तरुण संशोधकाचं पत्र आलं. त्याला माझी हाडं आणि त्याच्या साइटची हाडं एकत्र मांडायची होती. त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं की ‘क’ मधला ३ म्हणजे काय. मला आठवेना. जळालेलं की कुरतडलेलं, या दोहोंत मी अडकले. जळालेलं म्हणजे माणसाची चूल, कुरतडलेलं म्हणजे कुत्र्याचे दात. एका आकड्यानं अख्खी कहाणी फिरते. हाडं परत बघावीत तर तोवर गोदामातल्या कापडी पिशव्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, लेबलांची शाई उडाली होती. मी त्याला ‘माहीत नाही’ असं लिहिलं. त्या उत्तराची खंत अजून गेलेली नाही.

म्हणून डेटाच्या फाइलशेजारी दुसरी फाइल हवीच. साधी, टेक्स्टमधली. प्रत्येक रकान्याचं नाव, त्यात काय मोजलं, कोणत्या एककात, कोणत्या आकड्याचा काय अर्थ, कोणी मोजलं, कोणत्या वर्षी. डावं-उजवं कसं ठरवलं, वय दातांवरून काढलं की हाडांच्या टोकांवरून, तौलनिक सांगाड्यांचा कोणता संग्रह वापरला, हे सगळं. ही फाइल आज लिही. प्रबंध संपल्यावर लिहीन म्हणशील तर माझ्यासारखं होईल. आणि मराठी शेरे युनिकोडमध्येच ठेव. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या किती तरी नोंदी आज उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. त्यात काय होतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि लिहिणारे आता राहिलेले नाहीत.

तुझ्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट खटकली. माशांच्या रकान्यात सगळीकडे शून्य आहे. हे शून्य कोणतं? बारीक चाळणीनं माती चाळली, डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि मासा मिळाला नाही, ते शून्य वेगळं. माती चाळलीच नाही, ते वेगळं. जुन्या उत्खननांत पुष्कळदा हाड हातानं उचललेलं असतं. बैलाचा जबडा कुणाच्याही नजरेत भरतो. मरळ माशाचा तांदळाएवढा मणका घमेल्यातून थेट मातीच्या ढिगावर जातो. न चाळलेल्या खड्ड्यात मासे सहसा सापडत नाहीत. तू शून्य लिहिलंस की उद्या कुणी तरी ‘नदीकाठी राहूनही हे लोक मासे खात नसत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल, आणि तो कदाचित शाळेच्या पुस्तकातही जाईल. जिथे चाळलं नाही तिथे जागा रिकामी ठेव आणि शेजारच्या रकान्यात ‘चाळणी नाही’ असं लिही. चाळणी होती तिथे जाळीचा आकार मिलिमीटरमध्ये लिही. नोंदवहीत तो न सापडल्यास ‘नोंद नाही’ लिही. हेदेखील उत्तरच आहे.

टक्केवारीचंही तसंच. ‘गुरं ५२ टक्के’ हे तुझ्या तक्त्यात आहे. कशाचे ५२? ओळखू आलेल्या तुकड्यांचे की किमान प्राणिसंख्येचे? एका बैलाची मांडी फुटून वीस तुकडे झाले तर पहिल्या हिशेबात वीस होतात, दुसऱ्यात एकच. टक्के जरूर दे, पण त्यांच्या खालचे मूळ आकडे आधी दे. टक्क्यांवरून मागे येता येत नाही.

आता कार्बन तारखा, म्हणजे कोळशातल्या वगैरे किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली वयं. इथे मी जरा जास्त वेळ घेते, कारण जुना डेटा पुन्हा वापरताना तुझी पिढी सगळ्यांत जास्त ठेच खाते ती इथे. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाच्या बऱ्याचशा जुन्या तारखा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आणि पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या आहेत. क्रमांकाआधी ‘टीएफ’ किंवा ‘पीआरएल’ दिसलं की समज. त्या काळी तारीख कधी ५५६८ वर्षांचं अर्धायुष्य (निम्मा किरणोत्सारी कार्बन संपायला लागणारा काळ) धरून छापत, कधी ५७३० धरून, कधी दोन्ही शेजारी शेजारी. दोहोंत साधारण तीन टक्क्यांचा फरक पडतो. तीन हजार वर्षं जुन्या कोळशाला हा फरक जवळजवळ नव्वद वर्षांचा. म्हणजे एका साइटची तारीख एका पद्धतीची आणि दुसरीची दुसऱ्या पद्धतीची घेऊन तू शेजारी मांडलीस, तर दोन्ही गावांत तीन-चार पिढ्यांचं अंतर आपोआप तयार होतं. ते अंतर जमिनीत कुठेच नसतं.

आजचे कॅलिब्रेशनचे, म्हणजे कार्बन वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करण्याचे, आलेख ५५६८ च्या हिशेबातलीच तारीख मागतात. त्यात जुनी ५७३० वाली तारीख भरली तर संगणक तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतो. शिवाय आलेखही सुधारत असतात. सध्याचा २०२० चा आहे, पुढे नवा येईल. म्हणून तुझ्या तक्त्यात नुसतं ‘इ.स.पू. ९००’ चालणार नाही. प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ वय, त्याची अधिक-उणे त्रुटी, अर्धायुष्य कोणतं, नमुना कशाचा, कोणत्या थरातला, आणि कॅलिब्रेशन केलंस तर कोणत्या आलेखानं, हे सगळे वेगवेगळे रकाने. नमुना कशाचा हे विसरू नकोस. सागाच्या जुन्या खांबाचा कोळसा आणि जवाचा जळालेला दाणा एकाच चुलीत मिळाले तरी त्यांची वयं एक नसतात.

उत्तर जोर्व्याच्या शेवटाला आणखी एक अडचण आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कॅलिब्रेशनचा आलेख जवळजवळ सपाट होतो. तिथे पडणारी एकटी तारीख दोन-तीनशे वर्षं, कधी त्याहून जास्त पसरते. ‘गाव ७०० मध्ये उठलं’ असं एका तारखेवरून ठामपणे लिहिलेलं कुठे वाचलंस, तर मूळ आकड्याकडे जा. तू स्वतः लिहिताना तो पसारा पुरा दाखव, मधला आकडा उचलू नकोस. आणि गणित ज्या आज्ञावलीनं केलंस तीही फाइलसोबत ठेव, म्हणजे दुसऱ्याला तेच उत्तर काढून पाहता येईल.

दायमाबादची ब्राँझची चार शिल्पं तू पाहिली असशील. रथ, हत्ती, गेंडा, रेडा, मिळून साठ किलोंहून जास्त धातू. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या त्या गावी एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ती मिळाली. कोणत्या थरात होती, शेजारी कोणतं खापर होतं, हे पाहायला जाणकार कुणीच हजर नव्हतं. दायमाबादचं उत्खनन करणाऱ्या साळींनी ती उत्तर हडप्पाकाळातली मानली. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अगरवालांनी त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून ती एवढी जुनी असण्याबद्दल शंका घेतली. वाद आजही मिटलेला नाही. धातू शाबूत आहे, कलाकुसर शाबूत आहे, गेली ती फक्त जागेची नोंद. गोदामातल्या एखाद्या पिशवीचं लेबल गळून पडतं तेव्हा मला दरवेळी हा रथ आठवतो.

बरं, तुझा प्रश्न. कुणी आधी लिहिलं तर?

ही भीती खोटी नाही. तुझ्यासारख्या विद्यार्थिनीची तीन वर्षं त्या रकान्यांत गेलेली असतात आणि नोकरी एका पेपरवर अडते. म्हणून उद्याच सगळं उघडं कर असं मी म्हणणार नाही. डेटा एखाद्या खात्रीच्या भांडारात आत्ताच ठेव. झेनोडो आहे, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेच्या आधारानं चालतं आणि फुकट आहे. पुरातत्त्वासाठीच बांधलेलं म्हणशील तर इंग्लंडमधल्या यॉर्कचं आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस १९९६ पासून काम करतंय. पाहायला तरी जाच, नोंदी कशा लावाव्यात ते तिथे शिकायला मिळतं. ठेवताना खुलं करण्याची तारीख पुढची टाक, प्रबंधानंतर वर्षभराची म्हण. पण तारीख टाकच. ‘नंतर बघू’ म्हणून कपाटात राहिलेले अहवाल आपल्या विषयात कमी नाहीत, आणि त्यांतल्या कित्येकांचे कर्ते आता हयात नाहीत. भांडार तुझ्या फाइलला कायमचा क्रमांक देतं. कुणी ती वापरली तर तो क्रमांक आणि तुझं नाव त्याला लिहावं लागतं. कपाटातल्या फाइलपेक्षा ही राखण जास्त पक्की आहे.

आणि मनाशी एक विचार कर. उत्खननाचा परवाना सरकारचा, पैसा बहुतांशी लोकांचा, जमीन गावाची, हाडं कुणा तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जेवणातली. आपल्याकडे त्यातलं येतं ते बघण्याचं काम आणि त्याचं श्रेय. श्रेय जरूर माग, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

तोच न्याय दुसऱ्यांनाही लाव. तू ज्या गोदामात बसतेस तिथल्या पिशव्या कुणी तरी उन्हात बसून धुतल्या, वाळवल्या, लेबलं बांधली. पॉटरी यार्डमधल्या, म्हणजे खापरं धुऊन-निवडून लावण्याच्या जागेवरच्या, बायकांची नावं अहवालात क्वचित येतात. जुन्या नोंदवह्यांत हजेरीपट सापडला तर त्यातली माणसं ऋणनिर्देशात आण. अहवाल वापरलास तर पान क्रमांक दे, कुणाचा अप्रकाशित तक्ता घेतलास तर आधी विचार. उत्खनकानं चाळणी का लावली नाही म्हणून प्रबंधात त्याच्यावर तोंडसुख घेऊ नकोस. काय केलं आणि काय नाही, एवढं सरळ लिही.

एक गोष्ट मात्र खुली करू नकोस. तुझ्या सर्वेक्षणात ज्या नवीन पांढऱ्या सापडल्या, त्यांचे जीपीएसचे पूर्ण आकडे फाइलमध्ये आहेत. नकाशासाठी दशांशानंतर दोनच अंक ठेव, म्हणजे जागा किलोमीटरभर सैल होते. तुलना करणाऱ्याला तेवढं पुरतं, आणि रात्री कुदळ घेऊन जाणाऱ्याला पुरत नाही. नेमके आकडे पुरातत्त्व खात्याकडे आणि विभागाकडे राहू देत, गरजू संशोधकाला मागून घेता येतील.

गावातल्या लोकांपासून मात्र लपवू नकोस, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पांढरीची माती खत म्हणून शेतात कुठून कुठे गेली हे फक्त म्हातारी माणसं सांगू शकतात. ते न विचारता काळ्या शिवारात मिळालेल्या खापरांवरून नवी वस्ती शोधल्याचं जाहीर करणारे मी पाहिले आहेत. तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढव: जागेचं गावातलं नाव. ‘म्हसोबाची पांढर’, ‘थडगेमळा’, जे म्हणत असतील ते, त्यांच्याच शब्दांत. त्या नावांत पुष्कळदा जुनी माहिती असते. आणि काम झाल्यावर चार पानांचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत नेऊन दे.

मंगळवारी अकराला गोदामात ये. पिशवी क्रमांक ४१ ते ६० काढून ठेवायला सांगितलं आहे. ‘३-४’ची लेबलं आपण दोघी मिळून वाचू. पेन्सिल आण, जुन्या लेबलांजवळ शाई नको. रकान्यांच्या अर्थांची यादी लिहून झाली असेल तर तीही घेऊन ये.

तुझी,
मॅडम